लाडक्या भुतावळीचं तेरावं पान

टॅमरॅक हार्बर, मेन
२ एप्रिल

कॉरिन पोरी,

तुझं पार्सल पोचलं. पोस्टातल्या ग्लेंडानं ते माझ्या हातात ठेवताना विचारलं, "डेल्बर्ट, यावर कवटी आहे. हे धंद्याचं की घरचं?" मी म्हणालो, भाचीकडून आलंय. त्यावर ती "बरं" म्हणाली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. गावात प्रेतं सजवणारा एकच माणूस असला की लोक त्याच्या टपालाकडेही जरा जपूनच बघतात.

टॅरोचा, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांचा कॅट मी जन्मात पहिल्यांदा हातात घेतला, तोही तू चितारलेला. मला वाटलं होतं, काहीतरी काळंकुट्ट, घुम्या चेहऱ्याचं असणार. तर पहिल्याच पानावर चादर पांघरलेलं एवढंसं भूत, आणि चादर फुलाफुलांची! खाली लिहिलंय 'मूर्ख'. पांढरी धुवायला टाकली असणार बिचाऱ्याची. मनोऱ्याच्या पानावर झपाटलेल्या घरातून भुतं सामानसुमान घेऊन पळतायत, कारण घरात माणसं राहायला आली. आणि उलटं टांगलेलं ते वटवाघूळ, त्याला तर काही त्रासच नाही, उशीसुद्धा आहे. मी उभ्या उभ्याच सगळा कॅट बघितला. कॉफी करपली.

एक धंद्याची चूक सांगतो. चार तलवारींच्या पानावर तो रक्तपिपासू ज्या पेटीत झोपलाय, तिला तू चारच कड्या काढल्यास. सहा लागतात. चार कड्यांची पेटी मी एकदाच उचलली, चर्चच्या पायऱ्यांवर. पुढचं लिहीत नाही, त्याची बायको अजून गावात आहे.

तेराव्या पानावर मात्र नुसती चौकट आहे. खाली 'मृत्यू' असं छापलंय आणि आत कोरं. ही गंमत आहे की शाई संपली?

बाकी ठीक. गोठलेली जमीन मऊ पडायला लागली आहे. हिवाळ्यात गेलेली मंडळी टेकडीवरच्या दगडी खोलीत वाट बघतायत. मे उजाडला की कबरी खणणारा ऑरिन कुदळ काढेल आणि सगळ्यांना ओळीनं मातीत ठेवू. तुझी आई माझ्या ऑफिसातल्या कपाटात आहे, तिच्या राखेच्या कलशात, वरच्या फळीवर. तिचा हा तिसरा मे. आजोबा-आजीच्या शेजारची जागा तिची तिथंच आहे, कुठं जात नाही. घाई नाही, फक्त आठवण केली.

फोन करू नकोस. कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि ती लाइन धंद्यासाठी मोकळी ठेवावी लागते.

तुझा
डेल्बर्ट मामा


सेलम, मॅसॅच्युसेट्स
१९ एप्रिल

मामा,

कड्या सहा केल्या. चेटकिणींच्या या सेलम गावात इतके सगळे भुताखेतांचे जाणकार, पण पेटीच्या कड्या मोजणारा तू एकटाच निघालास.

तुला कॅट आवडला याचा मला किती आनंद झाला ते सांगत नाही, डोक्यावर बसशील. आमच्या पत्ते बघायच्या दुकानाची मालकीणबाई प्रिसिला अजून नाकच मुरडते. तिचे कॅट मखमलीत गुंडाळलेले असतात, सगळ्यांवर राजे, अंगठ्या आणि ढग. ती म्हणते, "लोक इथं हसायला येत नाहीत, कॉरिन." मी म्हणते, बाई, लोक इथं हसायलाच येतात, डोक्यावर चेटकिणीची टोपी घालून. तिचा कॅट समोर ठेवला की गिऱ्हाईक खुर्चीच्या टोकावर बसतं आणि इस्त्री केलेला प्रश्न विचारतं, "माझ्या नोकरीचं काय होईल?" माझी भुतावळ टेबलावर मांडली की आधी खिदळतात. "अय्या, हे बघ, सांगाडे बरगडीत बरगडी अडकवून बसलेत!" आणि खिदळून झालं की जरा पुढं वाकतात आणि खरं काय ते विचारतात. बहीण बोलत नाही. मुलगा घरी येत नाही. चादर पांघरलेल्या भुतासमोर माणसाला लाज वाटत नाही बघ. म्हणून मी ही असली चित्रं काढते.

तेरावं पान तयार आहे. रंग तपासायला छापखान्यात अडकलंय, म्हणून तुझ्या नमुन्यात चौकटच आली. आणि तू घाबरू नकोस, त्या पानाचा अर्थ मरण नव्हेच. त्याचा अर्थ बदल. जुनं संपतं, नवं सुरू होतं. आमच्या धंद्यात प्रत्येक जण हेच सांगतो, प्रिसिलानं तर तशी पाटीच टेबलावर लावली आहे.

मेमध्ये मला जमणार नाही रे. पत्तेवाल्यांचा मोठा बाजार भरतो आणि मी त्यात टेबल घेतलंय. तुझ्या कपाटात अडचण होत असेल तर आईला सरळ पोस्टानं पाठव. तशी सोय आहे म्हणे.

आईला सांग, मी वेळेवर जेवते.

कॉरिन


टॅमरॅक हार्बर
३ जून

कॉरिन,

पोस्टानं पाठवता येतं, मला ठाऊक आहे. पण ग्लेंडा विचारणार, धंद्याचं की घरचं, आणि मला दोन्हीला हो म्हणावं लागणार. शिवाय कपाटात अडचण नाही. मी तसं कधी म्हणालो?

तुझ्या पत्त्यांनी इथं एक घोटाळा केला, तो सांगतो. मर्ल पिंकहॅम गेला. शेवंडी पकडायचा तो, तुला आठवत असेल, आठवड्यातून एखादा शब्द बोलायचा. त्याची बायको आयडा बाहेरच्या खोलीत एकटीच बसली होती, दगडासारखी. रडणं नाही, बोलणं नाही. मी सही घ्यायला गेलो तर तुझा कॅट टेबलावर राहिलेला, आणि आयडा ती पानं एकेक करून उलटत होती. दुःखात असलेल्या बाईसमोर झपाटलेले भोपळे! मी पुढं होणार तेवढ्यात तिनं एक पान वर धरलं. तेरावं. कोरं.

ती म्हणाली, "डेल्बर्ट, हे काय?"

मला तुझं पत्र आठवलं. मी धंद्याच्या आवाजात सांगितलं, "आयडा, याचा अर्थ मरण नव्हे. याचा अर्थ बदल."

ती मग म्हणाली, "मर्ल आतल्या खोलीत पेटीत पडलाय. तो बदललाय म्हणतोस?"

आणि हसायला लागली. अशी हसली की तिचा चष्मा पडला. चर्चचे रेव्हरंड धावत आले. ते बघून आणखी हसली, आणि मग रडली, व्यवस्थित, जसं रडायला हवं तसं. मी आपला रुमाल घेऊन उभा. आयुष्यभर लोकांना बसायला मऊ खुर्च्या दिल्या, पण एवढा उपयोग एकाही खुर्चीचा झाला नाही.

जाताना तिनं 'संन्यासी' मागून घेतला. तो फ्रीजच्या उजेडात एकटाच उभा राहून चीज खाणारा. म्हणाली, "हा मर्लच आहे. याला त्याच्या खिशात ठेव." मी ठेवला. आमच्याकडे लोक खिशात काहीबाही ठेवतातच, मासे पकडायचे गळ, तंबाखू, जपमाळ. पण ही बातमी गावभर झाली. पुढच्या आठवड्यात स्टिन्सनच्या पोरांनी आजीसाठी 'सम्राज्ञी' नेली, ती भोपळ्यांच्या मळ्यात पाय पसरून बसलेली. त्यानंतर 'चंद्र' गेला. तुझा कॅट माझ्याकडे भराभर जमिनीत चाललाय. काही जादा पानं असतील तर पाठव, संन्यासी जरा जास्त. या किनाऱ्यावर न बोलणारी माणसं फार.

तुझी आई असती तर तिनं मला या प्रसंगावरून वर्षभर छळलं असतं.

डेल्बर्ट मामा


सेलम
२० जून

मामा, मामा, मामा,

मी तुझं पत्र दुकानात मोठ्यानं वाचलं आणि प्रिसिलासुद्धा हसली. मग तिनं ते हसू खोकल्यात नेऊन घातलं. ती म्हणते, पान हरवलेला कॅट म्हणजे मेलेला कॅट, त्यावर भविष्य बघायचं नसतं. मी तिला म्हटलं, मामाकडच्या गिऱ्हाइकांना भविष्य नकोच आहे.

जादा पानं पाठवतेय. संन्यासी मूठभर आहेत.

पण मामा, ते वाक्य लोकांना त्यांच्या माणसाची पेटी आत असताना सांगायचं नसतं रे! ते टेबलावरचं वाक्य आहे. तुझ्याकडे आलेल्या माणसाला काय सांगायचं ते तुला माहीत, तू मला का विचारलं नाहीस? हे मी रागावून लिहीत नाहीये. लिहितेय तर तसंच दिसतंय, पण रागावलेली नाही.

छापखान्यातला माणूस तेराव्या पानासाठी रोज निरोप धाडतोय. रंगाचंच काहीतरी चाललंय. मी शरद ऋतूत येईन. नक्की. आईला सांग.

कॉरिन


टॅमरॅक हार्बर
११ ऑगस्ट

कॉरिन,

पानं मिळाली. तीन संन्यासी गेलेसुद्धा.

एक बातमी द्यायची आहे, बरेच दिवस लांबवली. मी दुकान विकलं. गुडघे, कान, आणि रात्रीबेरात्री जिन्यावरून माणसं उतरवणं, आता होत नाही. बँगरकडचं एक जोडपं आहे, तरुण, नीटनेटकं, बोलताना हात पोटावर जोडून उभं राहतं. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी किल्ल्या द्यायच्या. त्यांनी सगळी कपाटं बघितली. वरच्या फळीकडे बोट दाखवून बाईनं विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, माझी बहीण. ती फार हळुवारपणे म्हणाली की त्यांच्याकडे नियम आहे, कुणी न नेलेले कलश टेकडीवरच्या सामाईक खोलीत एकत्र ठेवतात.

तुझी आई शाळेची बस चालवायची तेव्हा स्वतःच्या मागची सीटसुद्धा कुणाला देत नसे. ती तिथं बाकीच्यांबरोबर कशी राहील ते तूच सांग.

म्हणून साफ विचारतो. जमीन गोठायच्या आत तुझ्या आईला, व्हर्नाला, आमच्या आई-वडिलांशेजारी ठेवायचं आहे. तू येतेस का? येणं होत नसेल तर एक ओळ लिहून दे, मी आणि रेव्हरंड मिळून करतो. कुणी तुला नावं ठेवणार नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

आणखी एक. तू त्या दिवशी शेवटच्या दर्शनाच्या वेळी उठून निघून गेलीस ती परत आत आली नाहीस. मला वाटतं तो ओठांचा रंग. व्हर्ना कधी लावायची नाही, मला माहीत होतं, पण जानेवारीचा उजेड फार फटफटीत होता गं. तेव्हापासून तू माझ्यावर रागावली असशील तर तसं लिही.

डेल्बर्ट मामा


सेलम
३० ऑगस्ट

मामा,

मी नसताना करू नकोस. कृपा करून नको. एवढी ओळ आधी वाच आणि मग बाकीचं.

ओठांचा रंग नव्हता रे. रंग छान होता. मी उठले कारण ती आता एखादा टोमणा मारेल अशी दिसत होती. तोंडाचा एक कोपरा वर. मी वाट बघत बसले होते, खरंच वाट बघत होते. मारला नाही तेव्हा उठून गेले.

आणि तेरावं पान छापखान्यात नाही. काढलंच नाही अजून. बाकी सगळी भुतावळ केव्हाच झाली, हे एकच होत नाही. सांगाडा काढला सपाता घातलेला. मग केक कापणारा. मग कुत्र्याला फिरवायला नेणारा, कुत्राही सांगाडाच. लोक बघून हसतात, प्रिसिलाही म्हणते गोड आहेत. मी बघते आणि फाडते. आता छापखान्यानं सांगितलंय, हे पान आलं नाही तर कॅट यंदा निघणार नाही. निघेना. सेलमचा हॅलोविनच्या गर्दीचा अख्खा ऑक्टोबर हातचा जाईल, जाऊ दे. दोन वर्षं मी याच एका गोष्टीवर काम केलंय आणि माझ्याकडे एक चौकट आहे.

लोकांना मात्र दिवसभर सांगते. मरण नव्हे, बदल. परवा एका मुलीला पत्त्यांत ते पान आलं, मी सांगितलं आणि ती किती खूश होऊन गेली! मला वाटलं, मी तिला रुमालात बांधून काहीतरी बनावट दिलं.

ऑक्टोबर संपला की येते. गर्दी उतरली की. थांबशील ना?

कॉरिन


टॅमरॅक हार्बर
१२ सप्टेंबर

कॉरिन,

थांबतो. मी थांबण्यात पटाईत आहे.

तू मला तुझ्या धंद्यातलं वाक्य शिकवलंस, आता मी माझ्या धंद्यातलं सांगतो. माझ्याकडे त्या पानाचा अर्थ मरणच आहे. मी उभं आयुष्य एवढंच एक काम केलं. दार उघडायचं, कोट घ्यायचा, आणि माणसाला आतल्या खोलीपर्यंत न्यायचं, म्हणजे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. फुलं, बाजा, मऊ खुर्च्या, सगळं त्याच्यासाठी. कुणी म्हणालं, "नको, मी बाहेरच बसतो," तर मी जबरदस्ती करत नाही. पण अशी माणसं पुढं अनेक वर्षं बाहेरच बसलेली मी बघितली आहेत. बाजारात भेटली तरी ती बाहेरच बसलेली असतात.

तुझी चित्रं वाईट आहेत असं समजू नकोस. आयडा आधी हसली म्हणूनच आत गेली, माझ्यानं ते झालं नसतं. पण ती आत गेली. तू दारातच सगळ्यांना हसवत उभी आहेस, पोरी. छान हसवतेस. तुला आत यायला सांगणारं कुणी नाही म्हणून मी सांगतोय. मला सांगताना बरं वाटत नाहीये.

दार कधी उघडायचं ते तू ठरव. जमीन कधी गोठते ते मी बघतो.

मामा


सेलम
१८ ऑक्टोबर

मामा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला. मी खूप उत्तरं लिहिली. बहुतेकांत तुला शिव्या होत्या.

इथं पाय ठेवायला जागा नाही. रस्त्यावर चेटकिणी, चादरी, एक घोडा (दोन माणसांचा), आणि सगळ्यांच्या हातात सफरचंदाचे गरम वडे. माझा कॅट छापलेला नाही म्हणून मी नमुन्याचाच कॅट वापरतेय, कोऱ्या तेराव्या पानासकट.

काल एक बाई बसली. भोपळ्याचा पोशाख, गोल, नारिंगी, हात बाहेर काढताना तिची तारांबळ. सोबत दोन मैत्रिणी, फोटो काढणाऱ्या. हसत हसत तिनं पत्ते पिसले, कापले, आणि तेरावं पान आलं. हसणं थांबलं. तिनं मैत्रिणींना वडे आणायला पाठवलं. मग मला विचारलं, "याचा अर्थ मरण का?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. प्रिसिलाची पाटी माझ्या कोपराशीच होती. मी म्हणाले, "कधीकधी हो. मरणच."

ती म्हणाली, "देवा, कुणीतरी बोललं एकदाचं." तिचा नवरा दवाखान्यात आहे. डॉक्टर 'पुढचा टप्पा' म्हणतात, सासू 'लढाई' म्हणते, शेजारी 'सकारात्मक राहा' म्हणतात. मैत्रिणींनी तिला जरा बरं वाटावं म्हणून इथं आणलं होतं. आम्ही दोघी बसलो. मी दुसरं पान उघडलंच नाही. तिला कुठल्या गोष्टी त्याच्याशी बोलायच्या राहिल्यात ते ती सांगत होती, आणि मी ऐकत होते. भोपळ्यात बसून ती रडली, आणि पोशाख इतका गोल की तिला डोळे पुसता येईनात. मी पुसले.

बाहेर रांग खोळंबली होती. प्रिसिला पडदा सारून आली, बघितलं, आणि स्वतः जाऊन रांगेला सांगितलं की जरा वेळ लागेल. प्रिसिला!

मी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येते. चालेल ना?

कॉरिन


टॅमरॅक हार्बर
२४ ऑक्टोबर

कॉरिन,

चालणार नाही.

ऑरिनच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, नोव्हेंबरच्या सुरुवातीला. त्यामुळे स्मशान समितीनं बैठक घेऊन ठराव केला की यंदा जमीन ३१ ऑक्टोबरला गोठेल. मी म्हणालो, जमिनीला विचारलंत का? अध्यक्ष म्हणाले, ठराव झाला. दुसरा खणणारा गावात नाही आणि मला खणू देत नाहीत. वसंतापर्यंत किल्ल्या माझ्याकडे नसतील.

३१ तारीख तुझ्यासाठी काय आहे ते मला कळतं. लिहायला हात धजत नव्हता. तरी लिहिलं.

मामा


सेलम
२७ ऑक्टोबर

मामा,

येते. ३१ ला, दुपारच्या आत.

प्रिसिलाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सेलम सोडून? हॅलोविनला? कुणी मेलंय का?" मी हो म्हणाले. तिनं सरळ तिची गाडी दिली.

कॉरिन


सेलम
६ नोव्हेंबर

प्रिय मामा,

नीट पोचले. प्रिसिलाच्या गाडीत पाइनच्या सुया सापडल्या, तिनं त्या काढल्या नाहीत.

तू टेकडीवरून उतरताना विचारलंस, खड्ड्यापाशी मी काय पुटपुटले. वाऱ्यानं तुझं यंत्र शिट्ट्या मारत होतं आणि ऑरिन कुदळीवर रेलून ऐकत होता, म्हणून तेव्हा सांगितलं नाही. तू कलश दोरीवर खाली सोडलास ना, तेव्हा मी वाकून म्हणाले, "आई, तू मेलीस."

आणि थांबले. तिनं उलट उत्तर दिलं नाही, मामा. आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हा मला खरं वाटलं.

मग फाटकातून ती तुझ्या गल्लीतली पोरं आली, चादरी घेतलेली, हॅलोविनचा खाऊ मागायला पिशव्या पुढं केलेली, कुणाच्या दारात आलोय याचं भान नसलेली. तू टोपी काढलेली, हात मातीचे, आणि गंभीर चेहऱ्यानं खिशातून खोकल्याच्या गोळ्या काढून एकेकाच्या पिशवीत टाकत होतास. आपल्यासोबत आलेली आयडा हसली, मी हसले, आणि मग मी तुझ्या कोटात तोंड घालून जे काय केलं ते केलं. कोट धुवायला टाक.

पान झालं. परत आल्यावर एका बैठकीत झालं. शाळेची बस आहे. माझी सगळी भुतं आत बसली आहेत, फुलाफुलांच्या चादरीवालासुद्धा, मांडीवर डबे घेऊन. चालकाची जागा रिकामी आहे. खाली 'मृत्यू'. काल एका गिऱ्हाइकानं बघितलं, आधी हसला, मग त्यानं विचारलं, "ड्रायव्हर कुठाय?" मी सांगितलं, मेली. तो म्हणाला, "मग यांचं काय?" मी म्हणाले, बसा, बघू.

छापखाना म्हणतो, वसंतात निघेल.

तू माझी एवढी वाट बघितलीस, दोन वर्षं. मी तुला फार ताटकळत ठेवलं. राग धरू नकोस.

तुझी
कॉरिन


टॅमरॅक हार्बर
१५ नोव्हेंबर

कॉरिन पोरी,

कोट धुतला. किल्ल्या दिल्या. त्या जोडप्यानं कपाटाला पांढरा रंग दिला, बरा दिसतो. आता मी मासळी बाजाराच्या वरच्या खोल्यांत राहतो. माणसं जिन्यानं स्वतःच्या पायांनी वर येतात, ही नवी गोष्ट आहे.

राग धरू नकोस असं तू लिहिलंस. ते वाचून मी दोन दिवस तुला काही लिहिलं नाही, कारण खरं लिहायचं तर तू मला ताटकळत ठेवलं नाहीस. लोक विचारायचे, "व्हर्नाचं कधी?" मी सांगायचो, पोरगी कामात आहे, तिच्यामुळे खोळंबलंय. पोस्टाचं तू म्हणालीस तेव्हा मी ग्लेंडाला पुढं केलं. पहिल्याच वर्षी मी गाडी काढून सेलमला आलो असतो आणि तुला घेऊन आलो असतो. चार तासांचा रस्ता आहे. गाडी चांगली आहे. मी आलो नाही. दर मेमध्ये तुझं 'जमत नाही' आलं की मी कपाट उघडायचो आणि म्हणायचो, "ऐकलंस का, यंदाही इथंच." आणि मला बरं वाटायचं.

बाकीच्यांना आतल्या खोलीत नेत होतो आणि माझी बहीण फळीवर ठेवली होती. रोज सकाळी हवा कशी आहे ते तिला सांगायचो, समुद्रावर धुकं आहे, रस्ता निसरडा आहे, बस जपून चालव. तिच्यासाठी म्हणून नव्हे. माझ्या घरात सांगायला दुसरं कुणी नाही.

आज सकाळी नव्या खोलीत उठलो, पडदा सारला आणि मोठ्यानं म्हणालो, "व्हर्ना, बर्फ पडलाय." मग उभा राहिलो. खाली मासळीवाले माल उतरवत होते, बाकी काही नाही.

मग कोट घातला आणि टेकडीवर जाऊन सांगून आलो.

डेल्बर्ट मामा